तुंबणाऱ्या सिंकचा ताळेबंद

स्वयंपाकघरातील सिंक एकदा तुंबले, तर तो अपघात समजावा. तेच सिंक दर महिना-दीड महिन्याने तुंबत असेल, तर मात्र ते चालू खाते होय. त्यात घरातील प्रत्येक जण रोज काही ना काही जमा करीत असतो आणि काढून घेणारा कोणी नसतो. मग एके दिवशी पाहुणे जेवून उठतात, भांड्यांचा ढीग पडतो आणि पाणी वर येते. त्या दिवसाचा दोष त्या दिवशीच्या भांड्यांना दिला जातो. वस्तुतः ती शिल्लक कित्येक आठवड्यांची असते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. तेथे एक जुना प्रकार पाहावयास मिळे. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यावयाचे आणि त्यातून जुन्याचे हप्ते भरून घ्यावयाचे. कागदावर खाते नियमित दिसते, थकबाकी मात्र तशीच राहते, किंबहुना वाढते. प्लंबर नळीत जी स्प्रिंग घालतो, तिचे काम बहुधा याच जातीचे असते. नळीच्या आतील भिंतीवर चरबीचा जाड थर बसलेला असतो. स्प्रिंग त्या थराच्या मधोमध एक भोक पाडते. पाणी घळघळ वाहू लागते, मजुरी दिली जाते, सर्वांना समाधान वाटते. थर तेथेच असतो. शिवाय आता तो खरबरीत झालेला असतो, म्हणून पुढचे अन्नकण त्याला अधिक लवकर चिकटतात. पहिल्यांदा सहा महिन्यांनी तुंबलेले सिंक पुढे तीन महिन्यांनी आणि नंतर महिन्याने का तुंबते, याचे हे साधे उत्तर आहे.

येथे थोडा हिशेब मांडू. सिंकखालची नळी साधारणपणे 40 मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या आत सर्व बाजूंनी 10 मिलिमीटर थर बसला, तर उरलेला व्यास 20 मिलिमीटर, म्हणजे निम्मा. पण पाणी जाण्याची वाट निम्मी न राहता चतुर्थांशच उरते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून सिंक दीर्घकाळ ठीक वाटते आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत एकाएकी बिघडल्यासारखे भासते.

हा थर कशाचा, हे पाहिले की उपाय आपोआप सुचतात. मुख्य घटक स्निग्ध पदार्थ. खोबरेल 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, तूप तिशीच्या आसपास घट्ट होऊ लागते, वनस्पती तुपाचेही तसेच. कढईतून निघालेले पाणी गरम असते तोवर तूप पातळ असते. ओट्याखालच्या नळीत, भिंतीत आणि त्यापुढे इमारतीच्या बाहेरच्या बाजूने खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपात ते थंड होते आणि भिंतीला बसते. दिवाळी ते संक्रांत हा सिंक तुंबण्याचा हंगाम का, हे यावरून कळावे. फराळाचे तळण, लाडवांचे तूप, लग्नसराईतील जेवणे आणि पहाटेची थंडी ही सारी एकाच वेळी येतात. तक्रार घेऊन प्लंबरकडे गेलो की तो म्हणतो, आधी चार घरे आहेत. त्यालाही हा हंगाम पाठ असतो.

दुसरा घटक आपल्या बोअरच्या पाण्यात आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बसाल्टचा खडक असून विहिरी-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. चरबी कुजून तिच्यातील आम्ले मोकळी होतात आणि कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा साबण तयार होतो. हा साबण फेस देणारा नसून पांढरट, चिवट, काहीसा दगडासारखा असतो. महापालिकांच्या मोठ्या गटारांतही हेच घडते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली गटारात 250 मीटर लांबीचा आणि सुमारे 130 टन वजनाचा असा चरबीचा गोळा सापडला; तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा पुढील वर्षी तेथील वस्तुसंग्रहालयात मांडण्यात आला. त्या गोळ्यात पुसण्याचे ओले कागद आणि तत्सम कचराही होता, पण त्याला एकत्र बांधून धरणारी वस्तू चरबीच. आपल्या ओट्याखाली त्याचीच छोटी आवृत्ती घडत असते.

तिसऱ्या घटकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे भांडी घासण्याची वडी. वडीला घट्टपणा व वजन यावे म्हणून तिच्यात कॅल्साइट, डोलोमाइट यांसारखी खनिज पूड मोठ्या प्रमाणात घातलेली असते. ही पूड पाण्यात विरघळत नाही. भांडे धुताना ती वाहून जाते आणि नळीच्या वळणात तळाशी बसते. वरून तूप आले की दोहोंचा मिळून गिलावा होतो. पूर्वी राखेने भांडी घासत तेव्हाही पूड जात असे, परंतु ती उघड्या मोरीत आणि तेथून परसातील अळूच्या वाफ्यात जाई. बंद नळीची गोष्ट निराळी. द्रव साबणात ही पूड नसते. द्रव साबण महाग वाटतो हे खरे. पण वर्षातून चार वेळा प्लंबरला दिलेली मजुरी वडीच्या किमतीत मिळवून पाहावी.

याखेरीज पीठ, भात आणि चहा. कणकेची परात सिंकमध्ये धुतली की पिठातील चिकट अंश नळीत जातो. दोन-चार दिवसांत तो खळीसारखा होतो. भाताची शिते पाण्यात फुगत राहतात. चहाचा चोथा लवकर कुजत नाही, नुसता साचतो. काथ्याचे आणि तारेच्या घासणीचे तुटलेले धागे या सर्वांना आडवे पडून जाळ्याचे काम करतात. भाज्यांच्या सालींचा दोष मात्र आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी, कारण जाळी असेल तर त्या वरच अडतात आणि डोळ्यांना दिसतात. जे दिसत नाही, त्यानेच नळी भरते.

येथे एक स्पष्ट बोलतो. सिंक तुंबले की पुष्कळ घरांत पहिला शब्द भांडी घासणाऱ्या मावशींना लागतो. ताटात दोन घास टाकून उठणारे आपण, कढईत पळीभर तेल ठेवून ती तशीच मोरीत सरकवणारे आपण, आणि जाब विचारावयाचा मावशींना, हा न्याय नव्हे. त्यांच्या हाती भांडे येते तोवर सिंकमध्ये काय जाणार, हे ठरून गेलेले असते.

आपल्याकडे ताट धुऊन पाणी पिण्याची चाल आहे. आजोबांच्या पिढीत ती घरोघरी होती. आता ती आयंबिल, एकासणे किंवा साधर्मिक भोजनाच्या पंगतीपुरती उरलेली दिसते. तिच्यामागील विचार वाचकांना मी सांगावा असा नाही. मी केवळ नळीच्या बाजूने बोलतो. धुऊन प्यालेल्या ताटातून मोरीत जाणारा अन्नांश जवळजवळ शून्य असतो. उष्टी भांडी दोन घटिकांपेक्षा, म्हणजे 48 मिनिटांपेक्षा अधिक वेळ तशीच पडू देऊ नयेत, असेही वडीलधारे सांगत. तेवढ्या वेळात तूप भांड्यावर थिजत नाही आणि आमटी सुकत नाही, त्यामुळे घासणे कमी, साबण कमी, पाणी कमी. रात्रीची भांडी सकाळपर्यंत सिंकमध्ये भिजत ठेवणाऱ्या घरांत जाळीवर जो चिकट साका सापडतो, तो या घरांत सापडत नाही.

आता नळीकडे वळू. सारा दोष सवयींचा नसतो. दोन घरांत सारखाच स्वयंपाक होतो, एकाचे सिंक पाच वर्षे तुंबत नाही आणि दुसऱ्याचे दर महिन्यास तुंबते, तेव्हा ओट्याखालचे कपाट उघडून वाकून पाहावे. बहुतेक ठिकाणी तेथे घड्या-घड्यांची लवचीक नळी लोंबताना दिसेल. ती स्वस्त आणि बसवण्यास सोपी, म्हणून कारागिराची आवडती. पण तिच्या प्रत्येक घडीत चरबी व पूड अडकते, आणि लांबी जास्त ठेवली असेल तर ती मध्येच झोळीसारखी खाली येते. त्या झोळीत पाणी कायमचे उभे राहते. ती काढून आतून गुळगुळीत असलेली सरळ पीव्हीसी नळी बसवणे हा बहुधा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

नळीत एक वळण मात्र मुद्दाम ठेवलेले असते. ते काढू नये. त्यात थोडे पाणी अडून राहते आणि गटारातील दुर्गंधी व झुरळे वर येण्यास अटकाव होतो. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने 1775 साली शौचकूपासाठी अशा वळणाचे पेटंट घेतले. आज आपल्या सिंकखाली असते ती बाटलीच्या आकाराची ट्रॅप किंवा इंग्रजी पी अक्षरासारखी वळलेली नळी याच कल्पनेवर चालते. बाटलीच्या ट्रॅपचे बूड हाताने फिरवून उघडता येते. खाली बादली ठेवावी, बूड काढावे, गाळ खरवडून वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा आणि रबरी चकती नीट बसवून बूड पुन्हा लावावे. दहा मिनिटांचे काम आहे. तीन महिन्यांतून एकदा ते केले, तर प्लंबरचे निम्मे फेरे वाचतात. पी आकाराची ट्रॅप स्वतःहून स्वच्छ राहण्यास बरी, बाटलीची उघडण्यास सोपी. ज्यांच्याकडे स्निग्ध स्वयंपाक अधिक, त्यांनी पी निवडावी असे माझे मत.

ट्रॅपच्या पुढे प्रश्न येतो तो उताराचा. आडव्या नळीला दर फुटास पाव इंच उतार असावा, असा प्लंबरांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे 6 फूट लांबीच्या नळीचे दुसरे टोक दीड इंच खाली हवे. घराचे नूतनीकरण करताना सिंक खिडकीखालून उचलून दुसऱ्या भिंतीस नेले जाते, नळी लांबते, ओट्याखालची उंची तेवढीच राहते आणि उतार नाहीसा होतो. सजावटकाराच्या चित्रात सिंक सुंदर दिसते. चित्रात उतार दिसत नाही. ज्यांचे सिंक नूतनीकरणानंतर तुंबू लागले, त्यांनी आधी येथेच शोध घ्यावा. अशा घरात सवयी कितीही सुधारल्या तरी फरक थोडाच पडतो.

अडथळा आपल्या घरात आहे की बाहेर, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. केवळ सिंक तुंबले, आणि त्याच बाजूची नहाणी व धुलाई यंत्राचा निचरा व्यवस्थित असेल, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा सिंकच्या आडव्या नळीत. सिंक सोडताच बाल्कनीच्या किंवा ओट्याखालच्या नहाणीतून पाणी वर आले, तर दोष दोहोंच्या संगमापुढे. आणि आपला नळ बंद असताना, वरच्या मजल्यावर भांडी चालू झाली की आपल्या सिंकमध्ये पाणी चढत असेल, तर दोष इमारतीच्या सामाईक पाइपात. तेथे आपण आपली ट्रॅप शंभर वेळा उघडली तरी उपयोग नाही.

हा शेवटचा प्रकार तळमजल्यावरील कुटुंबांच्या वाट्याला येतो. मी काही वर्षे आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. तळमजल्यावरील एका वृद्ध जोडप्याच्या ओट्यावर वर्षातून तीन-चार वेळा साऱ्या इमारतीचे काळे पाणी येत असे. प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच्या खिशातून प्लंबर आणला. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा एका सदस्याने म्हटले, सिंक त्यांचे, खर्च त्यांचा. आदर्श उपविधी काढून पाहिले. सोसायटीने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांच्या यादीत सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या स्पष्टपणे समाविष्ट आहेत. सदनिकेच्या आतील दुरुस्ती तेवढी सदस्याची. पुढील महिन्यात उभा पाइप तळापासून उघडला. आतून निघालेला ऐवज दोन बादल्या भरला, आणि त्यात तळमजल्याचे काहीच नव्हते, कारण त्या जोडप्याचे पाणी पाइपाच्या अगदी पायथ्याशी मिळत होते. मागील खर्चाच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या मंजूर करताना फार चर्चा झाली नाही. ज्या सोसायटीत हा वाद अद्याप चालू असेल, तेथे उपविधींची प्रत सभेत समोर ठेवावी. शेजारधर्मापेक्षा कधीकधी कलम लवकर पटते.

बाजारू उपायांविषयी. नळी मोकळी करण्याच्या पुड्यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडताच उष्णता निर्माण करतो आणि चरबीचा काही भाग विरघळवतो. नळी पूर्ण बंद असताना टाकला, तर पूड तळाशी दगडासारखी थिजते आणि वर दाहक पाणी उभे राहते. नंतर येणाऱ्या प्लंबरच्या हातावर तेच उडते. त्यावर कोणी अॅसिड ओतले, तर उसळून अंगावर येते. अॅसिड व ब्लीचिंग एकत्र आले, तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवघेणा ठरू शकतो. अॅल्युमिनियमची भांडी सिंकमध्ये असताना कॉस्टिक कदापि वापरू नये. नळीत आणि पुढे गटारात जे सूक्ष्म जीव असतात त्यांचे काय होते, हे सांगावयास नको. उकळते पाणी ओतण्याचा सल्ला बरेच जण देतात. आपल्यापैकी अनेकांकडे ते पाणी निववूनच मोरीत सोडण्याची शिस्त आहे, आणि नळीच्या दृष्टीनेही तीच योग्य. कारण पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, सांधे सैल होतात, आणि वितळलेले तूप चार हात पुढे जाऊन पुन्हा थिजते, जेथे आपला हात पोहोचत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहावयास छान. परंतु दोघे एकमेकांचा गुण मारतात आणि उरते ते जवळपास खारे पाणी. त्यापेक्षा दोन रुपयांच्या सोड्याचे ढोकळे करावेत.

रबरी पंप मात्र प्रत्येक घरी असावा. दुहेरी सिंक असेल, तर दुसऱ्या भागाचे तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करून मग पंप मारावा, नाहीतर सारा जोर तिकडून निघून जातो.

रोजच्या सवयींत सर्वांत मोठा लाभ पुसण्याचा आहे. कढई, तवा, तुपाची वाटी व ताटे पाण्याखाली नेण्यापूर्वी जुन्या कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसून घ्यावीत. परात कोरडी असतानाच उलथन्याने खरवडावी. निघालेले पीठ कणकेतच जाते. चहा गाळल्यावर चोथा कुंडीत. सिंकच्या तोंडाशी बारीक छिद्रांची स्टीलची जाळी असावी, आणि ती उचलून पाणी वेगाने सोडण्याचा मोह टाळावा. आठवड्यातून एकदा सिंकला रबरी बूच लावून ते अर्धे भरावे आणि एकदम सोडावे. त्या लोंढ्याने ट्रॅपमधील सैल गाळ पुढे जातो. त्यासाठी ताजे पाणी खर्च करण्याचे कारण नाही. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बादलीत साठवले तर पुरते.

तळणीचे उरलेले तेल सिंकमध्ये कधीच ओतू नये. घरगुती तेल बाटलीत भरून कोरड्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे. ज्या वाचकांचा फरसाण, मिठाई किंवा भोजनालयाचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी हा केवळ नळीचा प्रश्न नाही. तळलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरता येत नाही, असा नियम जुलै 2018 पासून आहे. दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल तळणास वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवावयाची आहे. असे तेल जैवइंधनासाठी गोळा करण्याची व्यवस्था अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी सुरू केली. तेलाला किंमत मिळते, नोंद राहते आणि गटार वाचते. शिवाय भटारखान्याच्या निचऱ्यावर चरबी अडवणारी टाकी बसवून ती ठरल्या दिवशी उपसावी. ती टाकी बसवून न उपसणारे मी अधिक पाहिले आहेत.

हे सारे शेवटी जेथे जाते, त्या चेंबरविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. घराघरांतील चरबी खालच्या चेंबरमध्ये जमून तेथे साका धरतो, त्याखाली कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो; प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. गटार किंवा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा असून पहिल्या गुन्ह्यासही दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटारातील मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. तरीही सोसायट्यांचे पदाधिकारी कोपऱ्यावरून कोणाला तरी बोलावतात, पाचशेची नोट काढतात आणि झाकण उघडून देतात. मी कार्यकारिणीत असताना अशा खर्चाच्या पावतीवर सही करावयास नकार दिला होता. उच्च दाबाच्या पाण्याने चेंबर साफ करणारी यंत्रे शहरांत भाड्याने मिळतात. आमच्याकडे ती वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि पावसाळ्याच्या आधी येते, आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत धरलेला असतो.